परक्यांचा निरोप

"तुम्ही परक्यांचा निरोप पाठवलात," चौकशीला घरी आलेले तारखात्याचे साहेब म्हणाले आणि परवाना टेबलावर पालथा घातला.

परवाना दौलतरावांचा होता. फौजेत शिकलेला वायरलेस त्यांनी धनजच्या घरी माडीवर उभा केला होता. परीक्षा देऊन, रीतसर. अट एवढीच, की यंत्रावरून स्वतःचं आणि घरच्यांचं बोलावं. परक्यांचे निरोप तारखातं नेईल. मागच्या आठवड्यात नाल्याला पूर आला, तारेचे खांब वाहून गेले आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एकसष्ट माणसं टेकाडावर अडकली. दौलतरावांनी निरोप दिला, नागपूरच्या एका परवानेवाल्याने तो ऐकला, दुसऱ्या दिवशी नाव आली. एकसष्टही वाचली. खात्याला एवढा पुरावा पुरेसा होता.

"बुडणाऱ्यांत तुमच्या घरचं कोणी होतं? नसेल तर यंत्र जप्त."

दौलतरावांनी तोंड उघडायच्या आत दारातून तांड्यावरची मोतीबाई बोलली, "मी होती ना. मी याची मावशी."

तिच्यामागे अंगणात अख्खा तांडा उभा होता. रतनसिंग मामा निघाला, धनीबाई चुलती. सोमला नावाचा गडी दौलतरावांहून वीस वर्षांनी लहान. तो काका झाला. साहेब लिहीत गेले. सातव्या नावाला त्यांनी टाक खाली ठेवला. तेही वऱ्हाडातलेच होते.

"दौलतराव, या मावशीच्या हातचं पाणी चालतं तुमच्या घरी?"

ओसरीवर गावातली चार वजनदार पागोटी बसली होती, ती वळली. आत सोजरबाईंच्या, म्हणजे दौलतरावांच्या बायकोच्या, बांगड्या वाजता वाजता थांबल्या.

"आमाले त्याच्या हातचं चालते का, ते तं कोणी इचारत नाई," मोतीबाई म्हणाली. तिने कमरेवरची घागर उतरवून लोटा भरला. "घे रे भाच्या. मशीन ठेवतं का जात, बोल."

दौलतरावांनी लोटा घेतला. वरून धार धरली नाही. तोंड लावून प्यायले, तळ दिसेपर्यंत.

"लिहा," ते म्हणाले. "मावशी."

एक पागोटं उठून गेलं. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "एक झाली. साठ उरले."

सोजरबाई पदर खोचत बाहेर आल्या.

"त्यातले तीस माह्या माहेरचे लिहा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या लोट्यासाठी त्यांनी हात पुढे केला.