वाघबीळचा चढ

पाहुण्यानं चहाचा कप बॉनेटवर टेकवायच्या आत अमरसिंहांनी त्याचा हात वरच्यावर धरला आणि हसत हसत कप शेजारच्या स्टुलावर ठेवायला लावला. रंग नवा होता. शहाऐंशी सालची मारुती चार महिने गॅरेजात राहून कालच कसबा बावड्याच्या बंगल्यात परत आली होती. मागं हुकाला तेव्हाचीच छोटी ट्रॉली, आणि ट्रॉलीत घासूनपुसून मांडलेले दुधाचे पाच रिकामे कॅन. गाडीला अत्तर लावायचं तेवढं बाकी होतं.

जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक क्लब रविवार बघून पुण्याहून आला होता. आठ-दहा जण गाडीभोवती फिरत होते, वाकून हूक बघत होते, मोबाईल काढत होते.

आक्का पायरीवर बसली होती. अमरसिंहांची ही थोरली बहीण. साठी ओलांडलेली, लग्न न झालेली, भावाच्याच घरात राहिलेली. सूनबाई स्नेहलनं तिला आज इरकल नेसायला सांगितली होती आणि आक्कानं कधी नव्हे ते आढेवेढे घेतले नव्हते. आज गाडीची गोष्ट निघणार होती, म्हणजे आपलीही निघणार, असा तिचा हिशेब होता.

अमरसिंहांनी गोष्ट चांगली रंगवली. कोडोली गावाहून ते दोनशे लिटर दूध रोज सकाळी शहरात शाहूपुरीत पोचवायचे. लोक गाडीतून देवाला जायचे, हे गाडीला ट्रॉली जोडून धंद्याला निघायचे. सगळं गाव हसायचं म्हणे.

क्लबचे प्रमुख उदयसिंह मात्र जाणते निघाले. त्यांनी नेमकं बोट ठेवलं. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. मागं हुकावर एवढा भार पडला, की पुढची बाजू हलकी होणार. मग ऐन पावसात वाटेतला वाघबीळचा चढ ती चढायची कशी?

आक्कानं पदर सारखा केला. याच प्रश्नाची ती वाट बघत होती. चढाला लागलं, की पुढची चाकं जागच्या जागी फिरायची आणि रबर जळल्याचा वास सुटायचा. अमरसिंह काच खाली करून म्हणायचा, "आक्का, चढ." मग ती बॉनेटवर चढून बसायची. पाय बंपरवर, एक हात वायपरच्या मुळाशी, खालून इंजिनाची धग आणि वरून पाऊस. तिचं वजन पडलं, की चाकं रस्ता धरायची. दोन पावसाळे हे चाललं. तिला आज हारतुरे नको होते. आक्का होती म्हणून दूध पोचलं, एवढं भावानं चार माणसांत एकदा म्हणावं, बस्स.

 पायरीकडं अमरसिंहांनी बघितलं नाही.

"पोतं ठेवायचो की," ते म्हणाले. "वाळूचं पोतं. बॉनेटवर टाकलं, की गाडी सरळ वर."

मंडळींनी वा वा केली. काय ती अक्कल, काय ते दिवस, असं बराच वेळ चाललं. आक्का भावाच्या तोंडाकडं बघत राहिली. बहिणीला बॉनेटवर बसवताना त्याला लाज वाटली नव्हती, ती आता पुण्याच्या लोकांसमोर वाटली होती. आणि लाज वाटली म्हणून त्यानं तिचं पोतं करून टाकलं.

कुणीतरी म्हणालं, तसं पोतं ठेवून एक फोटो होऊन जाऊ दे. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून वाळूचं पोतं आलं. पण ते ठेवण्याआधी अमरसिंह लगबगीनं घरात गेले आणि नवी कोरी चादर घेऊन आले. रंगाला ओरखडा जायला नको. तिची चौपदरी घडी त्यांनी बॉनेटवर अंथरली, तळहातानं नीट केली, आणि मग दोघांना सांगून पोतं त्यावर अलगद ठेवलं.

आक्काला शिसारी आली. नुसता राग असता तर तिनं गिळला असता, तेवढी सवय तिला होती. पण त्या चादरीवरून फिरणारा भावाचा हात तिला बघवेना. या माणसाच्या ताटाशेजारी आपण इतकी वर्षं जेवत आलो, याचीच तिला किळस वाटली.

उदयसिंह सज्जन माणूस. म्हातारं माणूस एकटं बसलंय, म्हणून त्यांनी तिला बोलण्यात ओढलं. "आक्का, तुम्ही तर डोळ्यांनी बघितलं असेल. एवढंसं पोतं पुरायचं का हो?"

आता अमरसिंहांनी तिच्याकडं बघितलं. पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली स्नेहल दारातच थबकली.

"पुरायचं की," आक्का म्हणाली. "गुणाचं हुतं पोतं. एकदा त्याला बघायला कागलचं पावणं कोडोलीला निघालतं. वाघबिळात यष्टी थांबली, तवा कंडक्टरनं बोट करून दावलं त्यास्नी, बॉनेटवर बसलंय ते हेच म्हणून. पावणं तिथनंच माघारी गेलं. परत दुसरं कोण आलंच न्हाय."

मोबाईल धरलेले हात एकेक करून खाली आले. अमरसिंह खाली मान घालून चादरीची सुरकुती काढत राहिले.