उन्हात ठेवलेले सेल

“ही बॅटरी मोबाइलच्या चार्जरवर भरते, बाबा. आता सेल बदलायला मी यायची गरज नाही,” शर्वरी म्हणाली.

“बरं झालं,” म्हणत बाबा चहा टाकायला आत गेले.

गोळ्यांच्या वेळी वाजणारं ते खिशात मावणारं यंत्र तिनंच जुळवलं होतं. दोन पेन्सिल सेलवर सहज वर्ष निघायला हवं. पण दर महिन्याला चिपळूणहून पुण्याला फोन यायचा, “सेल गेले गं. झाकणाचा बारीक स्क्रू मला दिसत नाही. कधी येतेस?” वीज कुठे वाया जाते ते शोधून ती थकली आणि शेवटी तिनं ही मोठी बॅटरी निवडली.

खिडकीत आधीच्या खेपांचे सेल उन्हात ओळीनं मांडलेले होते. जुन्या रेडिओच्या काळातली बाबांची सवय. फेकण्याआधी तिनं सहज मीटर लावला. दीड व्होल्ट. दुसऱ्यालाही दीड. सगळेच नव्यासारखे भरलेले.

चहा घेऊन आलेले बाबा मीटर पाहून दारातच थबकले. मग घाईनं म्हणाले, “बघ, ऊन चांगलं लागलं!”

उन्हानं सेल भरत नाहीत, हे चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला ती काय सांगणार?

तिनं नवी बॅटरी गुपचूप पर्समध्ये टाकली आणि उन्हातलेच दोन सेल यंत्रात बसवले.

“लागलंय खरं. पण उन्हावर भरलेले सेल, बाबा. महिनाभरच चालतील.”

“महिना कसला?” चहाचा कप तिच्या हातात देत बाबा म्हणाले. “पंधरा दिवस चालले तरी खूप.”