सत्यभामेचा श्वास

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सखाराम बायकोबरोबर सोयगावहून संभाजीनगरला आला होता. भीतीनं बीपी इतका चढला की नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, हा उतरला नाही तर आज ऑपरेशन नाही." मागच्या खेपेलाही असंच झालेलं. "चल घरी, सत्यभामे. नाय दिसलं तरी चालतंय," म्हणत तो उठला. सत्यभामेनं त्याला बसवून त्याचा हात आपल्या पोटावर ठेवला. "विहारात शिकवलंय आम्हाला. माझा श्वास सुटंल तसा तुमचा सोडा, सावकाश." तिचं पोट हळूहळू वर येई, त्याहून हळू खाली जाई. त्याच्या छातीतली धडधड ओसरली, खांदे सैल पडले आणि बीपी उतरला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तो तिच्याकडं बघतच राहिला. "केस कवा पिकले गं तुझे?" ती लाजून डोक्यावर पदर घेऊ लागली. "राहू दे," तो म्हणाला, "बघू दे मला."