उपचारांआधीचा व्हिडिओ

"पाणी," अण्णा स्पष्ट म्हणाले. पक्षाघातानंतरचा त्यांचा पहिलाच शब्द.

स्पीच थेरपीच्या ऑनलाइन कोर्ससाठी वडिलांचा उपचारांआधीचा व्हिडिओ विशाखाला आजच पाठवायचा होता. तिनं तांब्या उचलून कपाटावर ठेवला.

"अण्णा, आज बोलायचं नाही. नुसतं बोट दाखवायचं. बोलायचं ते महिन्यानं, नंतरच्या व्हिडिओत."

मनासारखं रेकॉर्डिंग होईपर्यंत तांब्या वरच राहिला.

महिना झाला. त्या सकाळी अण्णा कामवालीला सांगत होते, "चहात साखर कमी घाल गं." ते ऐकून विशाखानं खुशीत कॅमेरा लावला, तांब्या त्यांच्यासमोर धरला. "बोला अण्णा, काय हवंय?"

अण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि कपाटावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.