पंपच गेलाय

चढाच्या मध्यावर गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. लझहरने किल्ली फिरवली. स्टार्टर खणखणीत फिरला, पण इंजिन हूं की चूं करेना.

"बॅटरी एकदम चांगली आहे," तो मागे न बघता म्हणाला.

"नुसती बॅटरी घ्यायला नाही आलो मी, लझहर," मागच्या सीटवरून नौफल म्हणाला. मानाने त्याला सगळे 'सी नौफल' म्हणत.

लझहरने उभा जन्म रदीफ गावापासून गफ्सा शहरापर्यंत याच गाडीतून प्रवासी वाहिले होते. लोक तिला त्याची दुसरी बायको म्हणत. तिने कधी रस्त्यात दगा दिला नव्हता, आणि आज, तिला विकत घेणारं गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना नेमकी फतकल मारून बसली. गफ्साला पोहोचून सह्या झाल्या की सी नौफल तिथेच पैसे देणार होता. ते पैसे संध्याकाळपर्यंत एजंटाकडे पोहोचले तर मुलाचं, वजदीचं, कॅनडाला जाणं पक्कं होणार होतं. मुदत आजचीच होती. गाडी विकली गेली नाही, तर वजदीही जाणार नव्हता.

वजदी शेजारच्या सीटवर च्युइंगम चघळत होता. कॅनडाच्या वैद्यकीय तपासणीसाठी त्याने सिगारेट सोडली, तेव्हापासून त्याच्या तोंडाला उसंत नव्हती. गाडीभर पुदिन्याचा वास कोंडला होता.

"इथे माझा जीव चाललाय आणि तुझं रवंथ संपत नाही," लझहर खेकसला. "अय्याशीला फोन लाव."

अय्याशी मेकॅनिक मोपेडवरून आला. आल्या आल्या त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"डिझेल?"

"काठोकाठ," वजदी म्हणाला. "सकाळी मीच भरून आणलं."

काटाही तेच सांगत होता. अय्याशीने फिल्टर बदलला, पंपाला येणारा पाइप सैल केला आणि लझहरला किल्ली फिरवायला सांगितली. पाइपातून थेंबही आला नाही. परत फिरवायला सांगितली, परत तेच. बॅटरीचा आवाज बसत चालला.

"टाकी भरलेली आणि पाइप कोरडा. पंप गेलाय."

"नवा आहे तो. मागच्या वर्षी तूच घातलास."

"मग नवा पंप गेलाय."

"अरे, तुझ्या घालण्याला काही वॉरंटी आहे की नाही?"

"देवाने माणसालासुद्धा दिलेली नाही, लझहर. पंपाला मी कुठून देऊ?"

लझहरने बॉनेटवर मूठ आपटली. ऊन डोक्यावर आलं होतं, हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि घड्याळ बघायचा त्याला धीर होत नव्हता. सी नौफल खाली उतरला, कोटावरची धूळ झटकली आणि गफ्साकडे जाणाऱ्या गाडीला हात केला.

"गाडी म्हातारी झाली की तिच्यावर रागावू नये," तो जाता जाता म्हणाला. "पण विकतही घेऊ नये."

अय्याशी गाडी ओढून न्यायला ट्रक आणतो म्हणून गेला. लझहरने घरी बायकोला फोन लावला.

"झालं का मनासारखं, मबरूका?"

"काय झालं?"

"गाडी बसली. नौफल गेला. सकाळी गाडीभोवती धूप काय फिरवत होतीस, डोळे काय पुसत होतीस. हातात धूप आणि तोंडात शाप."

मबरूकाचा आवाज चढला.

"दृष्ट लागू नये म्हणून फिरवला. पोरानं जाऊ नये असं मला वाटतं, ते मी तुमच्या तोंडावर सांगितलंय. पाठीमागून वार करायची सवय नाही मला."

त्याने फोन कट केला. पोरगा कॅनडाला चालला म्हणून कॉफीहाऊसमध्ये त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, अगदी मशिदीच्या दारात उभं राहून अभिनंदन घेतलं होतं. आता त्याच लोकांना तोंड दाखवायचं होतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस रे," तो खिडकीपाशी येऊन म्हणाला. "मी तुझ्या मामाकडे उसने पैसे मागतो. त्याच्या पाया पडतो हवं तर."

"नका बाबा," वजदी समोर बघत म्हणाला. "राहू द्या."

बिचारा. लझहरला भडभडून आलं. काही तरी केलंच पाहिजे म्हणून त्याने डिकीतून नळी आणि डबा काढला. अय्याशीच्या गॅरेजात भरली टाकी ठेवायची म्हणजे मांजराला दुधाची राखण. निदान डिझेल तरी वाचवू.

त्याने टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने बुडून वर आलेल्या माणसासारखा लांब श्वास आत ओढला.

लझहरचा हात तिथेच थांबला. तोझरच्या वाटेवर एकदा वाळूच्या वादळात असंच झालं होतं. वजदी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागला होता. झाकणातलं बारीक भोक वाळूने बुजलं होतं, ते लझहरने मबरूकाच्या ओढणीच्या टाचणीने मोकळं केलं होतं आणि पोराला कडेवर घेऊन दाखवलं होतं : हे बघ, गाडीलाही नाक असतं. ते दाबलं की ती डिझेल पिऊ शकत नाही.

त्याने झाकण उलटं केलं. भोक बुजलेलं होतं. वाळू नव्हती. कसला तरी पांढरा गोळा होता. कणीक, त्याच्या मनात आलं, आणि मबरूकाच्या नावाने त्याने दात खाल्ले. नखाने गोळा उकरला. तो लांबला, तुटला नाही. त्याने तो नाकाशी नेला.

पुदिना.

त्याने मान वर केली. बाजूच्या आरशातून वजदी त्याच्याकडेच बघत होता. त्याचं तोंड दिवसभरात पहिल्यांदाच थांबलं होतं.

 लझहरने गोळा अंगठ्याने भोकात परत दाबला, झाकण घट्ट लावलं आणि रिकामा डबा डिकीत टाकला.

"अय्याशीचं बरोबर आहे," तो पोराला ऐकू जाईल असं म्हणाला. "पंपच गेलाय."