मानेचं माप

"एव्हान्थियामावशी, तू ओळखशील. अक्रोड आहे का हे?"

सिफिसच्या आवाजातला नेहमीचा रुबाब आज उतरला होता. त्याच्या कॉफीच्या दुकानाला लागून हे झाड आपोआप उगवलं, आणि त्यानेच चार उन्हाळे पाणी घालून वाढवलं. ऑगस्टच्या उन्हात आता त्याच्या सावलीत दोन टेबलं मावत होती. पण काल एक गिऱ्हाईक पानं बघून म्हणालं, अक्रोड दिसतोय. आणि अक्रोड वाढवणारा माणूस, खोड त्याच्या मानेएवढं जाड झालं की मरतो, हे क्रीट बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मरियामातेच्या सणाआधीचा उपास चालू होता. या दिवसांत एव्हान्थियाच्या जिभेला तेल लागत नसे, आणि खोटंही. तिने एक पान खुडून बोटांत चुरलं. खवट शेंगदाण्यासारखा वास आला.

अक्रोड नव्हताच. घाणेरा अक्रोड म्हणतात, तो. तिच्या वडिलांनी असलाच एक तोडला होता. पुढच्या वर्षी मुळांतून जागोजागी धुमारे फुटले. एक तर स्वयंपाकघराची फरशी उचलून वर आला.

भिंतीपलीकडे तिच्या अंगणात तुतीचा बुंधा होता. तिच्या नवऱ्याने लावलेली तुती. फळं आपल्या गाडीवर पडतात म्हणून सिफिसने, एव्हान्थिया चर्चला गेली असताना, ती करवतीने कापली, आणि पुन्हा फुटू नये म्हणून बुंध्याला भोकं पाडून डिझेल ओतलं.

"पानं तर तशीच दिसतात," ती हळूच म्हणाली.

तिने खिशातून विणकामाची काळी लोकर काढली, खोडाभोवती गुंडाळून माप घेतलं. "वाक जरा, बाळा." तेच माप तिने त्याच्या मानेभोवती धरलं.

"दोन बोटं राहिलीत."

"खाणं वाढव, सिफिस," टेबलावरून कुणीतरी म्हणालं. "मान जाड कर."

सिफिस हसला नाही. आत जाऊन करवत घेऊन आला. तीच करवत.

"अगदी जमिनीलगत काप," एव्हान्थिया म्हणाली.

झाड आडवं झालं. दोन्ही टेबलांवर ऊन पडलं. सिफिसने घाम पुसला.

"मुळाशी डिझेल ओतू का, मावशी?"

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि लोकर गुंडाळत म्हणाली,

"नको रे. मुळांनी तुझं काय वाईट केलंय?"