चाओ म्हणजे काय

टॅक्सी फाटकाशी येऊन उभी राहिली. आता पुन्हा भेट व्हायची ती दोन वर्षांनीच. लेकीने आईला मिठी मारली, बॅग उचलली आणि म्हणाली, "चला बाबा, चाओ."

"चाओ कुठून आलं, माहीत आहे?" बाबांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली. "व्हेनिसची माणसं म्हणायची, मी तुमचा दास. ते झिजत झिजत चाओ झालं. इटालियन माणूस भेटल्यावरही चाओ म्हणतो आणि निघतानाही. जर्मनांनी ते निघण्यापुरतंच ठेवलं. झेक लोक मात्र…"

"अहो, विमान काही तुमच्या व्युत्पत्तीसाठी थांबायचं नाही," आई म्हणाली.

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. बाबा बॅगेचा आधीच घट्ट असलेला पट्टा उगाच ओढून बघू लागले.

लेकीने बॅग खाली ठेवली आणि ती पायरीवर टेकली.

"आणि पोर्तुगीज लोक काय म्हणतात हो, बाबा?"

बाबा खुलले, तिच्याशेजारी बसून सांगू लागले. नऊ वर्षं पोर्तुगीज दुभाषी म्हणून नोकरी करणारी लेक हनुवटीला हात लावून मन लावून ऐकत राहिली.